कझानच्या दोन तालमी

6 जुलै 2013 रोजी रशियातल्या कझान शहरात जगभरातले विद्यार्थी खेळण्यासाठी जमले. या महोत्सवाला तेव्हा 'युनिव्हर्सिआड' म्हणत. कॉलेजात शिकणाऱ्यांचे ऑलिंपिकच म्हणा ना. दीडशेहून अधिक देश, 27 खेळ, बारा दिवसांचा मेळा. आपल्या वर्तमानपत्रांची क्रीडापाने तेव्हा क्रिकेटमधल्या फिक्सिंगने भरून वाहत होती, त्यामुळे ही बातमी कुणाच्या नजरेस पडली असेल असे वाटत नाही. पडली असली तरी 'रशियात काहीतरी आहे' एवढ्यावर पान उलटले गेले असेल.

आम्हाला मात्र या शहराकडे बघावेसे वाटले. कझान ही तातारस्तानची राजधानी. तातारस्तान म्हणजे रशियाच्या पोटातला एक प्रांत. तेव्हा लोकवस्ती अडतीस लाखांच्या आसपास, त्यात निम्म्याहून थोडे अधिक तातार मुसलमान आणि उरलेल्यांत बहुतेक रशियन ख्रिस्ती. म्हणजे इतक्या मोठ्या विद्यार्थी मेळ्याचे यजमानपद ज्यांच्याकडे होते, त्यांच्या घरात आपल्यासारखेच दस्तरखान पसरतात, मुलांची नावे आपल्यासारखीच असतात आणि दारात पाहुणा आला की 'चक-चक' नावाची मधात घोळवलेली मिठाई पुढे येते. आणि त्या वर्षी मेळा ऐन भरात असतानाच रमजानचा चाँद दिसला.

त्या भागात इस्लाम काल-परवा आलेला नाही. इसवी सन 922 मध्ये बगदादच्या खलिफाने व्होल्गा नदीकाठच्या बल्गार राजाकडे आपले पथक पाठवले होते. त्या पथकातल्या इब्न फदलानने प्रवासाचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. त्यात एक मोठी गमतीची हकीकत आहे. तिथे पोहोचल्यावर तो इशाच्या अजानची वाट बघत बगदादच्याच एका शिंप्याशी तंबूत बोलत बसला. थोड्याच वेळात अजान झाली. बाहेर येऊन बघतो तर उजाडलेले! मुअज्जिनला विचारले तेव्हा कळले की ती फजरची अजान होती, आणि इशा तर ते मगरिबलाच जोडून पढतात. फजर चुकेल या धास्तीने तो बिचारा मुअज्जिन महिनाभर रात्री झोपलाच नव्हता म्हणे. बल्गार हे ठिकाण कझानच्या दक्षिणेला, आजच्या तातारस्तानातच आहे. अकराशे वर्षे झाली, सूर्य काही बदललेला नाही. जुलैत तिथे दिवस सतरा तासांच्या आसपास असतो. सहरीपासून इफ्तारपर्यंत अठरा-एकोणीस तास जातात. आपल्याकडे साडेचौदा तासांच्या रोजाला आपण 'यंदा लांब आहे हं' म्हणतो!

अशा शहरात पोहणारे, धावणारे, कुस्ती खेळणारे हजारो तरुण येणार होते, त्यात तुर्कस्तान, इराण, इजिप्त, इंडोनेशिया, मलेशिया इथली मुलेमुली असणार होती. त्यांनी रोजाचे काय करायचे? 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्येही हाच प्रश्न आला होता. ब्रिटनच्या नौकानयन संघातला मोहम्मद स्बिही याने स्पर्धेच्या दिवसांत रोजे पुढे ढकलले आणि त्या बदल्यात गरिबांना जेवण घातले. काहींनी मात्र रोजा ठेवूनच सामने खेळले. मुसाफिराला शरीअतने सवलत दिलेली आहे आणि सुटलेले रोजे नंतर पुरे करायचे आहेत, हे आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असते. बारीकसारीक मसला ज्याने त्याने आपल्या आलिमाला विचारावा. आम्हाला एवढेच सांगायचे आहे की सवलत घेणाऱ्या मुलाला कमअस्सल ठरवू नये आणि रोजा ठेवून मैदानात उतरणाऱ्याला वेडाही समजू नये. दोन्ही प्रकारच्या मुलांची थट्टा करणारे आपल्या मोहल्ल्यात असतात, आणि बहुतेकदा ते स्वतः मैदानाकडे फिरकलेले नसतात.

आता कझानने काय तयारी केली ते बघा. ही संधी त्यांना सहज मिळालेली नाही. 2011 च्या स्पर्धेसाठी त्यांनी अर्ज केला होता. तो मान चीनच्या शेन्झेन शहराला गेला. ते खचले नाहीत, पुन्हा अर्ज केला आणि 31 मे 2008 रोजी ब्रसेल्समध्ये स्पेनचे व्हिगो आणि दक्षिण कोरियाचे ग्वांगजू यांना मागे टाकून 2013 चे यजमानपद मिळवले. तेव्हापासून पाच वर्षे शहर खोदलेलेच होते. पंचेचाळीस हजार प्रेक्षकांचे नवे स्टेडियम, कझांका नदीच्या काठावर लाकडी कमानींच्या छताखालचा जलतरण तलाव, विमानतळाची नवी इमारत, तिथून शहरात येणारी रेल्वे, मेट्रोचा वाढवलेला मार्ग. याखेरीज वीस हजारांच्या घरात स्वयंसेवक, त्यात बहुतेक विद्यार्थीच. पाहुण्यांशी बोलता यावे म्हणून त्यांना इंग्रजीचे धडे दिले गेले. शुभंकर म्हणून पंख असलेला हिमबिबट्या निवडला होता. तो तातारस्तानच्या राजचिन्हावरचाच.

या सगळ्यात आमची नजर ठरली ती खेळाडूंच्या वसाहतीवर. बहुमजली इमारतींचे हे एक छोटे गावच आहे. मेळा संपला की त्या इमारती विकायच्या नाहीत, त्या विद्यापीठाची वसतिगृहे म्हणून वापरायच्या आहेत, हे पहिल्यापासून ठरलेले होते. काही इमारतींत तर विद्यार्थी आधीच राहायला गेले होते. मेळ्याच्या वेळी पाहुण्यांसाठी त्यांनी खोल्या रिकाम्या करून दिल्या, पुन्हा तिथेच परतायचे होते. शेजारीच 2010 मध्ये सुरू झालेली शारीरिक शिक्षण, क्रीडा आणि पर्यटनाची अकादमी होती. बांधलेल्या क्रीडांगणांचा ताबा पुढे शाळा, कॉलेजे आणि क्रीडाशाळांकडेच राहायचा होता.

आपल्याकडे 2010 मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. अक्षरधामजवळ खेळाडूंसाठी घरे बांधली, आणि स्पर्धेनंतर ती कोट्यवधींना विकली गेली. दिल्लीत शिकायला आलेला बिहारचा किंवा मराठवाड्याचा मुलगा मात्र तेव्हाही दहा बाय दहाच्या खोलीत चौघांबरोबर राहत होता आणि आजही राहतो. पुण्यात 2008 च्या ऑक्टोबरमध्ये युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा बालेवाडीच्या संकुलाला नवा साज चढला. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेले ते चांगले संकुल आहे, यात वाद नाही. पण कोंढव्यातल्या, भवानी पेठेतल्या किती आईबापांनी आपल्या मुलाला एकदा तरी त्या फाटकातून आत नेले असेल? रस्ता सगळ्यांसाठी आहे, फाटक सगळ्यांसाठी आहे, पण तिथवर बोट धरून नेणारे कुणी नाही.

कझानमध्ये सगळे गोड गोड चालले होते असे समजू नये. नव्या इमारतींच्या धांदलीत त्याआधीच्या काही वर्षांत जुन्या तातार वस्तीतली कोरीव लाकडी घरे पडली. वारसा जपणाऱ्यांनी आवाज उठवल्यावर उरलेली वाचवण्याकडे सरकारचे लक्ष गेले. पैसा बहुतांशी सरकारी तिजोरीतला होता, त्यामुळे 'याऐवजी दवाखाने बांधले असते तर' हा प्रश्न तिथेही विचारला जात होता, आणि तो रास्तच होता. त्याहून जड गोष्ट म्हणजे मेळ्याच्या आदल्या वर्षी, 19 जुलै 2012 रोजी, रमजान सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी तातारस्तानचे मुफ्ती इल्दूस फैजोव यांच्या मोटारीत स्फोट घडवला गेला. ते जखमी होऊन बचावले. त्याच दिवशी त्यांचे जुने सहकारी वलीउल्ला याकुपोव यांना त्यांच्या घरापाशी गोळ्या घालून ठार मारण्यात आले. दोघेही दीनचे आलिम आणि अतिरेकी विचारांना उघड विरोध करणारे. ज्यांनी हे केले त्यांनी रमजानचाही मान ठेवला नाही. त्यामुळे 2013 च्या तयारीत पोलिसांचा पहाराही मोठा होता. मुसलमान शहरात जगाने यावे, निर्धास्त राहावे आणि सुखरूप परत जावे, याची काळजी सगळ्यांत जास्त तिथल्या मुसलमानांनाच असणार. हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

पण हे शहर असल्या आघातांनी थांबणारे नाही. 1552 मध्ये झार इव्हानने कझान जिंकले तेव्हा किल्ल्यातली मोठी मस्जिद जमीनदोस्त झाली. तिथले इमाम कुल शरीफ आपल्या शागिर्दांसह लढता लढता शहीद झाले, असे तातार सांगतात. साडेचारशे वर्षांनी, 1996 मध्ये, त्याच किल्ल्यात नव्या मस्जिदीचे काम सुरू झाले आणि 2005 मध्ये शहराच्या हजाराव्या वर्षाच्या निमित्ताने ती खुली झाली. नाव त्याच इमामांचे. थोड्याच अंतरावर जुने कॅथेड्रलही उभे आहे.  शिकवण्याची परंपराही अशीच चिवट. 1882 मध्ये सुरू झालेल्या मुहम्मदिया मदरशात दीनी तालीमबरोबर नवे विषयही शिकवले जात. मुख्लिसा बूबी नावाच्या विदुषी मुलींचा मदरसा चालवत. 1917 मध्ये रशियाभरातल्या मुसलमानांच्या परिषदेने त्यांना काजी म्हणून निवडले. एका बाईला काजी! आपल्याकडे मुलीला कॉलेजात पाठवावे की नाही यावर आजही काही घरांत रात्री जागवल्या जातात.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. 'तालीम' हा शब्द आपण घरात बोलतो तेव्हा त्याचा अर्थ शिक्षण. 'मुलाची तालीम कुठवर झाली?' असे सोयरिकीच्या वेळी विचारतात. तोच शब्द कोल्हापूर-सांगलीच्या गल्लीत बोला, लोक लाल मातीच्या आखाड्याकडे बोट दाखवतील. मूळ अरबी शब्द एकच, शिकवणे. मराठीने तो कुस्तीच्या मातीतही नेला. 'उस्ताद'चा 'वस्ताद' झाला तोही असाच. शब्द एकत्र राहिले, पण आपल्या घरांत मात्र दोन तालमींची फारकत झाली. जो मुलगा अभ्यासात बरा, त्याला मैदानापासून दूर ठेवायचे. जो अंगाने दांडगा, त्याचे शिक्षण आठवी-नववीत सुटले तरी कुणाला फार वाईट वाटत नाही. 'पैलवान आहे, करील काहीतरी.'

युनिव्हर्सिआडचा नियम इथे डोळ्यांत अंजन घालतो. 2013 मध्ये तो असा होता: वय 17 ते 28, आणि विद्यापीठाचा विद्यार्थी, किंवा फार तर आदल्या वर्षी पदवी घेतलेला. बस्स. तुमचा मुलगा वाऱ्यासारखा धावत असेल, पण दहावीनंतर गॅरेजात लागला असेल, तर हे दार त्याला बंद. आपल्याकडे हे दार किती जणांना उघडे आहे? सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितलेच होते की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवीधर किंवा पदविकाधारक चार टक्केही नाहीत. म्हणजे तेव्हा शंभरातले शहाण्णव या मेळ्याच्या बाहेरच. खेळात आपण मागे का, असे विचारणाऱ्याने आधी कॉलेजच्या हजेरीपटाकडे बघावे.

आणि अंगात दम नाही असे तर मुळीच नाही. सोलापूरजवळच्या बोरामणीच्या शेख घराण्याने इस्माईल, आप्पालाल आणि मुन्नालाल असे तीन महाराष्ट्र केसरी दिले. हजरत पैगंबर (स.) यांनी रुकाना नावाच्या नामांकित मल्लाला कुस्तीत चीत केल्याची रिवायत आहे. हजरत आयेशा (र.) यांच्याबरोबर ते शर्यत धावले, एकदा त्या जिंकल्या आणि एकदा ते, हेही आपण ऐकलेले आहे. ताताराच्या गावात तर पेरणी उरकली की 'सबानतुय' नावाचा सण होतो. त्यात कमरपट्टा धरून कुस्त्या खेळतात, जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून मेंढा मिळतो आणि 'बातीर' ही पदवी. आपल्या यात्रेतल्या फडाची आठवण यावी अगदी तसे. गावच्या फडातली ही पट्ट्याची कुस्ती कझानने 2013 मध्ये 27 खेळांच्या यादीत बसवून घेतली. शेतकऱ्याची कुस्ती विद्यापीठाच्या पोरांच्या मेळ्यात! यजमानाने आपली चीज अशी मांडावी.

मुलींचा विषय निघाला की घरात आवाज हळू होतात, म्हणून तो इथेच बोलून टाकू. 2012 मध्ये लंडनला सौदी अरेबिया, कतार आणि ब्रुनेई यांनी पहिल्यांदाच ऑलिंपिकला मुली पाठवल्या. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने 2012 च्या जुलैत डोक्यावर रुमाल बांधून खेळायला प्रायोगिक परवानगी दिली. बास्केटबॉलच्या नियमांत 2013 मध्ये ती मुभा नव्हती, म्हणजे हिजाब न सोडणारी मुलगी कितीही उंच उडी मारो, या मेळ्यात बास्केटबॉल खेळू शकणार नव्हती. हा नियम बदलायला हवा, असे आमचे तेव्हा स्पष्ट मत होते. पण बाहेरच्या नियमावर बोट ठेवताना घरातला नियमही बघावा. बाहेर रुमालाची आडकाठी, घरात मैदानाची आडकाठी. मध्ये मुलगी. तातार घराण्यातल्या फरहत मुस्ताफिन यांनी 1976 च्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले होते. त्यांच्या मुलीने, आलिया मुस्ताफिनाने, 2012 मध्ये लंडनला जिम्नॅस्टिक्सचे सुवर्ण घेतले. तिचा पोशाख आपल्या घरांत चालणार नाही, हे मान्य. पण पैलवान बाप मुलीला व्यायामशाळेत नेतो, एवढे तर घेता येईल? नेमबाजी आहे, तिरंदाजी आहे, बुद्धिबळ आहे. बुद्धिबळ तर 2013 मध्ये कझानच्या यादीतही होते.

खेळासाठी वसतिगृह हवे, ही गोष्ट आपल्याला कझानकडून शिकायची गरज नव्हती. छत्रपती शाहू महाराजांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोल्हापुरात ती करून दाखवली. एका बाजूला जातीजमातींच्या मुलांसाठी बोर्डिंगे काढली. 1906 मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तिचे अध्यक्ष ते स्वतः झाले, आणि दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग आजही उभे आहे. दुसऱ्या बाजूला 1912 मध्ये खासबागचे कुस्ती मैदान बांधले. एकाच राजाने दोन्ही तालमी उभ्या केल्या. आजची आपली ट्रस्ट मंडळी शादीखाने बांधतात. त्यांचीही गरज असते. पण शादीखाना वर्षातले कितीतरी दिवस कुलूपबंद असतो. वरच्या मजल्यावर वीस कॉटची खोली काढली आणि मागे दोन गुंठे मोकळे ठेवले, तर खेड्यातून तालुक्याला येणारी वीस मुले पदवीपर्यंत टिकतील.

कॉलेजांच्या प्रवेशांच्या निमित्ताने काही कामाच्या गोष्टी. आपल्या देशातून अशा मेळ्याला जाणारा संघ भारतीय विद्यापीठ संघामार्फत जातो, आणि तिथली वाट आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविद्यापीठ स्पर्धांतून जाते. पहिली पायरी म्हणजे कॉलेजचा जिमखाना. तिथे लवकर जाऊन नाव नोंदवावे. आंतरविद्यापीठ खेळांत सर्वांत सरस ठरणाऱ्या विद्यापीठाला मिळणारा चषक मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचा आहे. 2013 पर्यंत कित्येक वर्षे तो पंजाबातल्या विद्यापीठांतून बाहेर पडत नव्हता. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, तेव्हा प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावे, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात टाकू नये. आणि रमजानात सराव पूर्ण बंद ठेवू नये. इफ्तारपूर्वी अर्धा-पाऊण तास हलका व्यायाम, जड सराव तरावीहनंतर, असे करणारी मुले आम्ही पाहिली आहेत. घरच्यांनी त्यांच्यासाठी रात्री अकराला एक ताट झाकून ठेवले की झाले.

17 जुलै 2013 रोजी कझानचा मेळा संपला. तोवर तिथले रोजे सुरू होऊन आठवडा झालेला होता. पाहुण्यांची विमाने गेली की वसाहतीतल्या खोल्या झाडूनपुसून पुन्हा विद्यार्थ्यांसाठी तयार करायच्या होत्या. 1 सप्टेंबरला रशियात नवे शैक्षणिक वर्ष सुरू होते, आणि तोपर्यंत आपापल्या खोल्यांच्या किल्ल्या घ्यायला मुले दारात उभी राहणार होती.